बायकोची प्रत

आधी नाव घेतो, मग काय घडलं ते सांगतो. नाव हमीदाआपा. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली, उर्दू शाळेत शिकलेली बाई. नवरा वारल्यावर सगळे ‘आता परत ये’ म्हणत होते, तेव्हा ती दुबईच्या अल कुसैसमध्येच ठाण मांडून बसली, अरबी टायपिंग शिकली आणि पुढे टाइपरायटर असा बडवायची की समोरचा माणूस आवाजानेच खरं बोलायला लागायचा. मी आठवीतून शाळा सोडलेला. माझं नाव दिवाळी अंकात येणार हे आमच्या हेडमास्तरांना कळलं असतं, तर त्यांनी संपादकांनाच बाकावर उभं केलं असतं. तर जे काही लिहितोय ते आपाच्या जिवावर, एवढं ध्यानात ठेवून पुढे वाचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी कुसैसच्या एका टायपिंग सेंटरात ऑफिसबॉय म्हणून लागलो. पगार सातशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे साडेसहा हजार रुपयांच्या आसपास. पहिल्याच महिन्यात मी दोन फायलींतले फोटो अदलाबदल केले. एका दाढीवाल्या पठाणाच्या अर्जावर केरळच्या नर्सचा फोटो लागला. मालक युसुफभाई मलबारी, शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी माझा पासपोर्ट शोधायला ड्रॉवर उघडला. आपा खुर्चीवरून उठलीही नाही. म्हणाली, “भाई, एक महिना मेरेको दो. नहीं सीखा तो मैं ही एअरपोर्ट छोडके आऊंगी.” मग तिने वाया गेलेल्या अर्जांच्या पाठीवर मला आधी अरबी आकडे शिकवले, मग अक्षरं. चुकलं की पट्टी नाही, शिवी नाही. फक्त म्हणायची, “पुन्हा लिव.” त्या दोन शब्दांची मला पट्टीपेक्षा जास्त भीती वाटे.

टायपिंग सेंटर म्हणजे टायपिंगचा क्लास नव्हे. गावी लोकांना अजून तसंच वाटतं. तिकडे सरकारी कचेरीत अर्ज अरबीत टाइप केलेलाच लागे. कामगाराला अरबी येत नाही आणि साहेबाला मराठी येत नाही. दोघांच्या मध्ये काचेच्या दुकानात आम्ही. व्हिसा, भाडेकरार, मुलाचा जन्मदाखला, सगळं आमच्या हातून जायचं. सगळ्यात जास्त काम लग्नाच्या दाखल्याचं. बायकोला तिकडे आणायची तर लग्न झालंय हे सिद्ध करावं लागतं. तो दाखला गावातून निघतो, मुंबईत शिक्का, दिल्लीत शिक्का, वकिलातीत शिक्का, मग आमच्याकडे अरबी भाषांतर आणि पुन्हा शिक्का. पाठीमागे इतके शिक्के होत की बायको एकदाच विमानात बसायची आणि कागद मात्र निम्मा देश फिरून यायचा.

गिऱ्हाइकंही एकेक. एकाने दाखल्याऐवजी लग्नाची पत्रिकाच आणली. मी म्हटलं, हा पुरावा चालत नाही. तर बोटाने दाखवतो, “अहो, प्रमुख पाहुणे आमदार आहेत, नीट वाचा!” दुसऱ्याने अल्बम आणला आणि जेवणावळीचे फोटोसुद्धा भाषांतराला लावा म्हणाला. या माणसांना मी हसायचो खरा, पण मीही त्यांच्यातलाच. शिक्का दिसला की हात जोडणारा.

आता मुद्द्यावर येतो. एका दुपारी एक बाई एकटीच आली. मराठीच होती, कडेवर मूल. तिच्या गालावर काय होतं ते आम्ही बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. तिला कुठेतरी अर्ज करायचा होता. आपाने कागद चढवला आणि विचारलं, “पासपोर्ट नंबर?” माहीत नाही. “व्हिसाचा कागद?” नवऱ्याच्या कपाटात. “बिल्डिंगचा नाव काय?” बाई म्हणाली, खाली बेकरी आहे. कुसैसमध्ये बेकऱ्या किती असतील, सांगा. अर्जात तीन रकाने आणि तिन्ही कोरे. बाई पाणी प्यायली आणि आली तशी निघून गेली. आपाने त्या दिवशी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “दत्ता, आजपासून लग्नाचा कागद आला की एक प्रत ज्यादा काढायची. दोन दिरहम घ्यायचे.”

दोन दिरहम म्हणजे अठरा-वीस रुपये. त्यात बायकोच्या नावाचं एक पाकीट निघे. आत तिच्या पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, लग्नाचा दाखला अरबीसकट, राहत्या पत्त्याची चिठ्ठी, एक छोटं फोनकार्ड आणि दोन नंबर: आपाच्या घरचा आणि पोलिसांचा. उरलेल्या पैशात आपाच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, बायकांचा चहा आणि कुणाला गरज पडली तर टॅक्सी. नव्याने आलेल्या बायकांना ती फोन कसा लावायचा, पत्ता कसा सांगायचा, ‘मला मदत हवी’ हे हिंदीत आणि अरबीत कसं म्हणायचं, हे घोकून घ्यायची. मार बसल्यावर धावायचं हे एक झालं. आपाचं म्हणणं, बाईला पत्ता पाठ आहे हे घरात ठाऊक असलं की उगारलेला हात अर्ध्यात विचार करतो.

काउंटरवर रोज ठरलेला तमाशा.

“हे दोन दिरहम कसले?”

“ज्यादा प्रतीचे, दादा.”

“मला नकोय ज्यादा.”

“तुमच्यासाठी नाहीच ती. वहिनींसाठी.”

“तिला काय करायचीय? मी आहे ना!”

मग आपा टायपिंग न थांबवता म्हणायची, “लगीन एकट्यान केलस काय? मग कागद एकट्याकडं कशाला?” दुकानातली बाकीची रांग हसायची आणि दोन दिरहम निघायचे.

आपाने नवऱ्यांनाही सोडलं नाही. आठ-आठ वर्षं एका खोलीत दहा जणांत राहिलेले पुरुष. भांडण झालं की बंकच्या खाटेवर तोंड फिरवून झोपायची सवय. त्यांच्या घरात अचानक बायको येते, आणि एका खोलीत तोंड फिरवायला जागा नसते. बायको यायच्या आधीच्या शुक्रवारी आपा त्यांना चहाला बोलवायची आणि एकच प्रश्न विचारायची, “राग आला तर काय करणार?” एक ड्रायव्हर बराच विचार करून म्हणाला, “आपा, मी खाली जाऊन गाडी पुसेन.” म्हणाली, “पूस.” पुढे कुसैसमध्ये कुणाची गाडी फार चकचकीत दिसली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. त्या ड्रायव्हरची गाडी पहिल्या वर्षी आरशासारखी होती. दुसऱ्या वर्षी जरा धूळ दिसली तेव्हा आपाने मला पेढे आणायला पाठवलं.

आपाचा नियम एकच होता. बायकोचं पाकीट बायकोच्या हातात. नवऱ्याच्या नाही, भावाच्या नाही, सासऱ्याच्या नाही. हा नियम मी मोडला, आणि तोही बेशिस्तीने नाही, चांगल्या वळणापायी.

रमाकांतदादा आमच्याच तालुक्यातले. दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला एका सिमेंट ब्लॉकच्या फॅक्टरीत फोरमन. त्यांची बायको विजया, नुकतीच आलेली. गुरुवारी दुपारी दोघं कागद न्यायला आले. दादा काउंटरला टेकलेले, वहिनी त्यांच्या मागे दोन पावलं, नजर फरशीवर. आता आमच्याकडची रीत अशी की नवरा समोर उभा असताना परक्या बाईच्या हातात थेट काही द्यायचं नाही, आणि नाव घेऊन हाक तर मुळीच मारायची नाही. माझा हात पाकीट घेऊन निघाला वहिनींकडे आणि वाटेत आपोआप दादांकडे वळला. तोंडातून आलं, “दादा, वहिनींचं आहे हे.” दादांनी पाकीट शर्टाच्या खिशात घातलं. दोघं गेले.

टाइपरायटर थांबला.

“दत्ता, पाकीट कुणाला दिलस?”

“दादांना.”

“नाव कुणाचा होता त्याच्यावर?”

“विजया.”

“तो विजया हाय काय?”

मी म्हटलं, “आपा, गाववाले आहेत, चांगला माणूस आहे, देतील ते.” आपाने पुढचा कागद चढवला. ‘पुन्हा लिव’सुद्धा म्हणाली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाकीट मिळालेली बाई आठवड्याभरात आपाला एक फोन करतेच, निदान कार्ड चालतं का बघायला. विजयावहिनींचा फोन आला नाही. पंधरा दिवसांनी आले ते रमाकांतदादा, एकटेच. फोनकार्ड आणि नंबरांची चिठ्ठी काउंटरवर आपटली.

“दत्ताराम, ही काय भानगड? माझ्या बायकोला पोलिसांचा नंबर देता?”

“दादा, सगळ्यांनाच देतो. तुमच्यावर...”

“माझ्या घरात लक्ष घालायचं नाही. आल्या आल्या मान वर करून बोलायला लागली होती. आता बोलत नाही.” आणि जाता जाता म्हणाले, “युसुफभाईला सांगतो, तुझे लोक गिऱ्हाइकाकडून चोरून पैसे घेतात. मग बघ तुझा व्हिसा.”

मला घाम फुटला, तो आधी माझ्यासाठीच फुटला हे कबूल करतो. गावी आई, दोन बहिणींची लग्नं बाकी. पण डोक्यात घोळत राहिलं ते दुसरंच वाक्य. ‘आता बोलत नाही.’ ती कशाने गप्प झाली असेल ते मला कळत होतं, आणि तिला एक कागद, एक नंबर मिळू नये याची सोय मी स्वतः, रीतसर, ‘दादा’ म्हणून करून दिली होती.

आपा म्हणाली, “तू दिलस, तूच नीट देऊन ये.”

“मी? आपा, ते मला हाकलतील.”

“हाकलू दे की. टॅक्सी दारात उभी ठेव. जायचे-यायचे पैसे ठरवून जा.”

तिने नवं पाकीट केलं आणि ऑफिसचं पोच रजिस्टर माझ्या काखेत दिलं. पाकिटांची पोच आम्ही ठेवायचोच, सहीसकट. विजया नावापुढची जागा रिकामी होती. माझ्या चुकीची खूणच ती.

शुक्रवारी दुपारी मी उम्म अल कुवैनला पोचलो. टॅक्सीवाला पठाण. त्याला सांगितलं, थांब. तो म्हणाला, पाच मिनिट. खाडीजवळ एका जुन्या बंगल्याचा मागचा भाग, एक खोली, एक स्वयंपाकाची जागा, खिडकीत घरघरणारा एसी. दादांनी दार उघडलं. गाववाल्याला दारातून परत पाठवायचं नाही ही पण आमची रीतच. या वेळी ती माझ्या कामाला आली. म्हणाले, “बस. काय काम?”

“दादा, माझी चूक झाली. वहिनींची सही राहिली रजिस्टरवर.”

“आण, मी करतो.”

मी रजिस्टर छातीशी धरलं. तोंडातून निघालं ते आपाचंच वाक्य. “दादा, इथे विजया लिहिलंय. तुम्ही विजया असाल तर करा.”

दादा चक्क हसले. कागदावर चुकीची सही म्हणजे काय, हे तिकडे दहा वर्षं काढलेल्या फोरमनला मी सांगायला नको होतं. आत वळून म्हणाले, “ये गं, सही कर.”

वहिनी आल्या. पदर खांद्यावरून पुढे ओढून डावा हात झाकलेला. मराठीत सावकाश सही केली. मी उठून उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या बाईला तिच्या नवऱ्यासमोर नावाने हाक मारली. “विजयाताई, हे तुमचं.” आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

मला वाटलं, झालं काम. पण ती म्हणाली, “यात काय काय आहे, भाऊ?”

आता सांगायचं की नाही? दादा तीन हातांवर. मी एकेक वस्तूचं नाव घेत गेलो, माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटत होता. ही पासपोर्टची प्रत. हा व्हिसा. हा लग्नाचा दाखला, मागे अरबीत. हा इथला पत्ता. हे फोनकार्ड. “आणि हा नंबर?” तिने बोट ठेवून विचारलं. म्हटलं, “हा आमच्या आपाचा. तो खालचा पोलिसांचा.”

बाहेरून पठाणाने हॉर्न मारला आणि ओरडला, “यल्ला भाई, चलो, पाच मिनिट खलास!”

तिने विचारलं, “टॅक्सी तुमचीच?”

“हो.”

तिने पाकीट पदराखाली धरलं आणि दारातल्या चपला पायात घातल्या.

“कुठे चाललीस?” दादा म्हणाले.

“आपांकडे. चहाला.”

एवढंच. रडणं नाही, ओरडणं नाही. दादा दाराशी आले. मी मध्ये होतो. शूर म्हणून नाही, खोली लहान होती म्हणून. दादांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या रजिस्टरकडे पाहिलं, त्यावरच्या ओल्या सहीकडे पाहिलं. मग बाजूला झाले. त्यांच्या मनात काय आलं ते मला आजही ठाऊक नाही. मला वाटतं, सगळं कागदोपत्री होतंय असं दिसल्यावर ते गडबडले. आमची माणसं हात उगारतील, पण रजिस्टरपुढे नाही. शारजा येईपर्यंत मी मागे वळून बघत होतो, आणि विजयाताई खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होती.

शनिवारी दादांनी युसुफभाईंकडे तक्रार केलीच. भाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मी मनात बॅग भरून ठेवली होती. भाईंनी विचारलं, “ये दो दिरहम बोर्ड पे लिखा है?”

आपा म्हणाली, “नहीं.”

“चोरी से क्यों लेते? लिखो बोर्ड पे. किसलिये लेते, वो भी लिखो.” मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “मेरा भी दो लडकी है.”

दराच्या बोर्डावर ती ओळ मी रंगवली, तीन भाषांत: बायकोची प्रत, दोन दिरहम, त्यातून बायकांच्या मदतीचा खर्च. गिऱ्हाइकांनी त्याला ‘जोरू टॅक्स’ असं नाव पाडलं. पण एक गंमत झाली. बोर्डाबाहेर घेत होतो तोवर प्रत्येक जण भांडायचा. बोर्डावर आल्यावर निम्मे भांडायचे आणि उरलेले पाच देऊन सुटे परत घेत नव्हते.

गोड शेवट करायला मला आवडलं असतं. विजयाताई आपाकडे अकरा दिवस राहिली. आपाने तिचा अर्ज अरबीत टाइप केला. या वेळी एकही रकाना कोरा नव्हता. पोलिसांनी दादांना बोलावलं, समज दिली, पासपोर्ट तिच्या हाती द्यायला लावला. दादा चार शुक्रवार आपाकडे येऊन बसले. चहा घ्यायचे, बोलायचे नाहीत. पाचव्या शुक्रवारी म्हणाले, “माझ्याकडे पुसायला गाडी नाही, आपा.” आपा म्हणाली, “मग फरशी पूस.” ते ऐकून विजयाताई हसली, पण परत गेली नाही. तिने तिकीट काढायला सांगितलं आणि माहेरी गेली. आता शिवणकाम करते, बरं चाललंय असं ऐकतो. निघताना मी तिला म्हटलं, “ताई, ते पंधरा दिवस माझ्यामुळे...” ती म्हणाली, “भाऊ, ते पंधरा दिवस तुम्ही नका घेऊ. ते त्याचेच राहू देत.” माफ केलं की नाही, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. पंधरा दिवसांत बाईला किती वेळा मारता येतं, हा हिशेब माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जाऊही नये.

मी गावी परतलो. आपाही परतली, भाच्याकडे राहते, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मध्यंतरी पुतण्याच्या लग्नाची नोंदणी करायला मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक तरुण पोरगा, बोलायला गोड. त्याने दाखला पुतण्याच्या हातात दिला. सून मागे उभी. मी म्हटलं, “साहेब, एक प्रत तिच्या नावाने काढा. तिच्या हातात द्या. त्याची फी घ्या आणि ती बायकांच्या मदतीला बाजूला ठेवा.”

“काका, दाखल्याची फी वरून ठरते. आपण नाही ठरवायची.”

“ठीक. पण दाखला कुणाच्या हातात द्यायचा, हेही वरूनच ठरलंय का?”

तो डोकं खाजवायला लागला. म्हणाला, “पंचायतीच्या उत्पन्नातले महिला-बालकल्याणाचे दहा टक्के असतात. बैठकीचा, चहाचा, गाडीभाड्याचा खर्च त्यातून बघता येईल. ज्यादा प्रतीचंही वर विचारतो. पण विषय ग्रामसभेत मांडायला लागेल. मांडा ना तुम्ही.”

“मी?”

“मग कोण?”

घरी येऊन आपाला फोन केला. म्हटलं, आपा, मला चार माणसांत बोलता येत नाही, आठवीतून पळालेला माणूस मी, लोक हसतील, म्हणतील हा दुबईचा शहाणा आला. ती म्हणाली, “हसू देत. हसत हसत दोन दिरहम देतात माणसा.”

आपा, मराठी वाचायला तुला वेळ लागतो, म्हणून अंक भाच्याकडे पाठवतोय, तो वाचून दाखवेल. तू मला अक्षर दिलंस आणि माझी नोकरी वाचवलीस, त्याची परतफेड पैशात घेणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून चार लोकांच्या साक्षीने इथे लिहून देतो. येत्या ग्रामसभेत मी उभा राहणार. शब्द अडकतील, कदाचित विषय दुसऱ्या सभेवर ढकलतील, तिसऱ्या सभेवर ढकलतील. तेवढ्या सभांना मी जाईन. ज्या दिवशी आमच्या गावची पहिली सून स्वतःच्या नावाची प्रत स्वतःच्या हाताने घेईल, त्या दिवशी तिला घेऊन तुझ्या दारात येईन. तोवर गुडघे सांभाळ.